सासूबाईंच्या नावाचा खडक

एल्वूड झर्बीच्या दुकानात केस कापायला बसलेल्या माणसाला मान हलवता येत नसे, आणि त्याच्या या अडचणीचा एल्वूड पुरेपूर फायदा घेई. कात्री कानाजवळ आली की गाडी नदीवर यायची. धरणाचं पाणी कधी सुटणार, मागच्या खेपेला कोण कुठल्या खडकावर अडकलं, किती वेळ अडकलं आणि अडकल्यावर तोंडातून काय काय काढलं, हे सगळं ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नव्हती. केस मात्र तो सगळ्यांचे एकाच पद्धतीने कापायचा. आमच्या केसलरटाउनात पुढे चाललेला पुरुष कोण हे ओळखायचं तर चालीवरून ओळखावं लागतं. मानेवरून काही पत्ता लागत नाही.

मॅहनटक नदी या गावाला वळसा घालून जाते. एरवी तिच्यात पाणी थोडं आणि धोंडे फार. ऑगस्टात तर पायमोजे न भिजवता पलीकडे जाता येतं. पण वर डोंगरात, पूर अडवायला बांधलेलं धरण आहे, आणि वसंतात व पानगळीत काही ठरलेल्या शनिवार-रविवारी त्याचे दरवाजे उचलतात. मग हीच वाळलेली नदी अंगात आल्यासारखी घुमायला लागते. फिलाडेल्फियापासूनची माणसं गाड्यांच्या टपावर रंगीबेरंगी होड्या बांधून येतात, गावातल्या हॉटेलात अंडी संपतात आणि चर्चच्या आवारात गाडी लावू नका अशी पाटी लागते.

नदी तशी सोपी. आजवर तिने कुणाचा जीव घेतलेला नाही. ती फक्त अब्रू घेते. पाण्यापेक्षा खडक जास्त, त्यामुळे बुडण्यापेक्षा अडकण्याचीच भीती मोठी. भर प्रवाहात धोंड्यावर चढून बसलेली होडी, तिच्यात लालबुंद झालेला माणूस, आणि काठावर सँडविच खात बसलेलं गाव.

एल्वूडचा बाप कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली तसा तो मोज्यांच्या गिरणीत गेला. तीही बंद पडली. पोराने मग असं काम शिकावं जे बंद पडत नाही, म्हणून एल्वूडला केस कापायला शिकवलं. लष्करात त्याने हजारो डोकी भादरली, परत आला, मुख्य रस्त्यावर दुकान टाकलं आणि आर्लीन फेन्स्टरमाखरशी लग्न केलं. धरणाचं पाणी पहिल्यांदा होडीवाल्यांसाठी सोडलं तेव्हा शहरी लोकांची फजिती बघायला सगळं गाव पुलावर जमलं होतं. एल्वूडही पोट धरून हसला. पुढच्याच महिन्यात त्याने बालवीरांच्या बंद पडलेल्या छावणीतून एक जुनी अल्युमिनियमची होडी आणली.

"ही ठेवायची कुठे?" आर्लीनने विचारलं.

"गॅरेजमध्ये."

"आणि मोटार?"

तेव्हापासून झर्ब्यांची मोटार बर्फात उभी असते.

दोघंही त्या होडीतून जात. आर्लीन पुढे, एल्वूड मागे. पुढे बसणाऱ्याला खडक आधी दिसतो आणि होडी वळवणं मागच्याच्या हातात असतं. एकाला दिसतं पण करता येत नाही, दुसऱ्याला करता येतं पण दिसत नाही. नवरा-बायकोला भांडायला याहून सोयीची जागा कुणी शोधून काढलेली नाही. पहिल्या वर्षी ती दोघं एकही खडक न चुकवता खाली आली. म्हणजे प्रत्येक खडकाला लागून आली. पण एल्वूड चिकाटीचा. हळूहळू त्याला वाट कळली, हात बसला, आणि एक दिवस असा आला की तो कुठेच अडकेना. त्या दिवसापासून तो खडकांना नावं ठेवायला लागला.

नियम एकच. जो अडकेल त्याचं नाव. आपली फेरी लवकर उरकून तो वळणावर घडीची खुर्ची टाकून बसायचा, थर्मासातली कॉफी ओतायचा आणि वाट बघायचा. पास्टर हेफनरांची होडी पुढे निघून गेली आणि ते एका सपाट धोंड्यावर उभे राहून मदतीसाठी दोन्ही हात हलवत राहिले. काठावरच्यांना वाटलं आशीर्वाद देताहेत, त्यांनी टोप्या काढल्या. त्या धोंड्याचं नाव पडलं 'व्यासपीठ'. न्यू जर्सीहून आलेलं एक जोडपं ज्या खडकापाशी उलटलं आणि पुढे वेगवेगळ्या मोटारींतून घरी गेलं, तो 'काडीमोड'. एल्वूडचा शेजारी स्टश कोवालोनेक, सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त झालेला ऐसपैस माणूस, मधे खळगा असलेल्या एका दगडावर अशा बेताने बसला की त्या दगडाला 'स्टशचा संडास' सोडून दुसरं नाव शोभलंच नसतं. स्टशने पुष्कळ विनवण्या केल्या. दारूची बाटली देऊ केली. एल्वूडने बाटली घेतली आणि नाव तसंच ठेवलं.

ही नावं दुकानातून गावात जात, गावातून होडीवाल्यांच्या तोंडी. एकदा चिकटलं की सुटणं नाही. आणि एल्वूडच्या नावाचा खडक मात्र नदीत एकही नव्हता.

"वस्तरा ज्याच्या हातात, त्याची हजामत कोण करणार?" आर्लीन म्हणायची.

या नियमाला अपवाद एकच, लोविना. हा खडक गावाच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर. भर मध्यात बसलेला, करडा, रुंद, वरून सपाट. सगळं पाणी माणसाला नेमकं त्याच्याकडे ढकलतं. जो नम्रपणे उजव्या बाजूने जाईल त्याला तो काही करत नाही. जो डावीकडून हळूच सटकायला बघेल त्याला धरून ठेवतो. एल्वूडने तो पहिल्यांदा नीट पाहिला आणि त्याला आपल्या सासूबाई आठवल्या. लग्नाआधी आर्लीनला नाचाला न्यायला तो शेतावर जायचा तेव्हा लोविना फेन्स्टरमाखर दारात अशाच उभ्या असायच्या. मधोमध. बाजूला किती जागा आहे ते नजरेनेच मोजायला लावत. त्यांना मुलगी बियाण्यांच्या दुकानदाराच्या मुलाला द्यायची होती. इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी त्या एल्वूडची ओळख "हा आर्लीनचा नवरा" अशी करून देत, जणू आर्लीनला तो एखाद्या जत्रेत बक्षीस मिळाला असावा.

सासूबाई नदीकडे कधी फिरकत नसत, त्यामुळे सगळं सुखरूप चाललं होतं. घोटाळा केला तो पास्टरांनी.

सप्टेंबरात चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्यांचं जेवण होतं. लांब टेबलं, कागदी ताटल्या, आणि वाढायला गावातल्या म्हाताऱ्या. पास्टर हेफनर एल्वूडच्या समोर बसले होते. शनिवारीच पाणी सुटलं होतं, आणि त्यांना सांगितल्यावाचून राहवेना.

"काय सांगू एल्वूड, चांगला अर्धा तास लोविनावर अडकलो होतो," ते म्हणाले. "पुढे सरकेना, मागे सरकेना. जितकी धडपड करावी तितका रुतत गेलो. शेवटी दोघांनी पाय धरून ओढलं तेव्हा सुटलो."

त्यांच्या मागे बटाट्यांचं पातेलं घेऊन लोविनाबाई उभ्या होत्या. टेबल गप्प झालं. पलीकडचंही टेबल गप्प झालं. बाईंनी पास्टरांच्या ताटलीत एक डाव बटाटे वाढले, मग विचार करून आणखी एक वाढला.

"कोणत्या लोविनावर?" त्यांनी विचारलं.

पास्टरांच्या तोंडात हॅम होता, आणि त्यांनी तो बराच वेळ चावला.

"मॉम, एक खडक आहे नदीत," एल्वूड म्हणाला. "लोकांनी प्रेमाने तुमचं नाव दिलंय."

"कुठल्या लोकांनी?"

स्टशने खाणं न थांबवता आपला काटा एल्वूडकडे रोखला.

"असं होय," लोविनाबाई म्हणाल्या. "आणि आहे कसा दिसायला?"

"देखणा आहे," एल्वूड म्हणाला. एकदा सुरुवात झाली की त्याला थांबता येत नसे. "एकदम ऐटदार. वर मऊ हिरवं शेवाळ. सकाळी बगळा येऊन बसतो."

"मोठा आहे?"

एल्वूडने आर्लीनकडे पाहिलं. ती मिठाची डबी न्याहाळत होती.

"बेताचा आहे, मॉम."

"मग मला बघायचाय," लोविनाबाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलावर वाढायला गेल्या.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला नदीत न्यायचं नाही यासाठी एल्वूडने काय काय नाही केलं. फोटो काढून आणतो म्हणाला. पाणी फार थंड असतं म्हणाला. बाई म्हणाल्या, मी जानेवारीत पहाटे गोठ्यात गायी पिळल्यात. डॉक्टरांना विचारू म्हणाला. डॉक्टरही होडीवाले निघाले आणि त्यांनी बाईंना चांगले रबरी बूट घ्यायला सांगितलं. शेवटी ऑक्टोबरातलं शेवटचं पाणी ठरलं. खालचा सोपा टप्पा, आर्लीन पुढे, एल्वूड मागे, बाई मधे उशीवर, आणि सोबतीला स्टश आपली रबरी राफ्ट घेऊन. राफ्ट ही एल्वूडच्या मते हवा भरलेली गादी होती, पण त्याही गादीत बसायला बाई तयार नव्हत्या.

"माझ्या जावयाची होडी असताना मी परक्याच्या होडीत कशाला बसू?" त्या म्हणाल्या. बाईंनी जावई हा शब्द एवढ्या मायेने कधी उच्चारला नव्हता. एल्वूडला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या दिवशी डोंगर नुसता पेटल्यासारखा लाल-पिवळा झाला होता. बाई दिवंगत नवऱ्याचा शिकारीचा नारिंगी कोट घालून आल्या. त्यावर तरंगायचं जाकीट काही केल्या बसेना. स्टशने आपल्या राफ्टचे दोन पट्टे सोडून जोडले तेव्हा बसलं. डोक्यावर शिरस्त्राण आणि त्याखालून गाठ मारलेला फुलाफुलांचा रुमाल. आणि हातात टोपली. टोपली उचलताना स्टशच्या तोंडून आवाज निघाला.

"मॉम, दोन तासांची तर फेरी आहे," एल्वूड म्हणाला.

"जेवायच्या वेळेला माणूस जेवतो," बाई म्हणाल्या.

होडी पाण्यात लोटली तेव्हा ती नेहमीपेक्षा चार बोटं खोल बसली. एल्वूडने ते पाहिलं आणि मुकाट वल्हं उचललं. सासूच्या वजनाबद्दल बोलून कुणाचं भलं झालेलं नाही.

सुरुवात झकास झाली. पाणी भरपूर होतं. व्यासपीठ डावीकडे गेलं, काडीमोड उजवीकडे. लाटा होडीच्या नाकावर फुटत आणि बाईंच्या मांडीवर थोडं पाणी येई. त्या ते पावाचा चुरा झटकावा तसं हाताने झटकून टाकत. स्टशच्या दगडापाशी त्यांनी चौकशी केली.

"याला काय म्हणता?"

मागून राफ्टमधून स्टश ओरडला, "याला नाव नाही."

"आहे," आर्लीन म्हणाली, आणि तिने सांगितलं. लोविनाबाई इतक्या हसल्या की होडी डुलली. एल्वूडच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला वाटलं, निभावलं. आता शेवटच्या वळणावर बाईंचं लक्ष बगळ्याबिगळ्याकडे वळवलं की झालं.

अर्ध्या वाटेवर वाळूचा एक काठ लागतो. तिथे बाईंनी हात वर केला.

"जेवण," त्या म्हणाल्या.

या नदीवर प्रत्येक नवख्याला एल्वूड एकच गोष्ट घोकून घोकून सांगतो. धरणाचे दरवाजे बंद झाले की पाण्याची शेपटी निघते. ती दिसत नाही, पण मागून येत असते. तिच्या पुढे राहायचं. शेपटी पुढे गेली की नदी खालून काढून घेतल्यासारखी होते आणि तुम्ही धोंड्यांच्या शेतात उभे असता. म्हणून तो स्वतः नदीवर कधी जेवत नाही. सफरचंद खातो, तेही वल्हं मारता मारता.

पण टोपलीतून आधी टेबलक्लॉथ निघाला. मग घोंगडीत गुंडाळलेलं पातेलं, त्यात कोंबडी आणि जाड चौकोनी शेवया, अजून वाफाळत्या. बिटाच्या रसात मुरलेली जांभळी अंडी. आंबटगोड भाज्यांची बरणी. काकवीचं सारण भरून भट्टीत भाजलेली गोड शूफ्लाय, अख्खी. आणि प्रार्थना. लोविनाबाईंनी आभाराची प्रार्थना म्हटली ती डोंगरापासून सुरू करून गावातल्या आजाऱ्यांपर्यंत नेली, एकेकाच्या आजारासकट.

"मॉम, जरा आटोपतं घ्या," एल्वूड म्हणाला. "पाणी उतरेल."

"घाईने खाल्लेलं अंगी लागत नाही. स्टॅनली, आणखी घे."

स्टशला उभ्या आयुष्यात कुणी स्टॅनली या खऱ्या नावाने हाक मारली नव्हती. त्याने आणखी घेतलं, मग पुन्हा आणखी घेतलं. आर्लीनने कॉफी मागितली. ती पिऊन झाल्यावर तिने दुसऱ्यांदा मागितली. एल्वूड उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. काठाच्या दगडांवर ओला काळा पट्टा दिसायला लागला होता, म्हणजे पाणी बोटभर उतरलं होतं. बाईंनी शूफ्लाय कापायला घेतली आणि मधेच सुरी बोथट आहे म्हणून त्या टोपलीत दुसरी सुरी धुंडाळत बसल्या.

निघाले तेव्हा पट्टा वीतभर झाला होता.

पुढचा भाग एल्वूडने दात-ओठ खात काढला. होडी घासायला लागली. अल्युमिनियम खडकावर घासतं तेव्हा पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यासारखा आवाज होतो, आणि तो आवाज दर वळणाला येत होता. बाई मधे बसून पानगळ बघत होत्या. शेवटचं वळण आलं. समोर लोविना दिसला, आणि आज तो नेहमीपेक्षा हातभर उंच दिसत होता.

"उजवीकडे," आर्लीन म्हणाली.

"मला ठाऊक आहे उजवीकडे," एल्वूड म्हणाला.

उजवीकडच्या वाटेत पाणीच उरलं नव्हतं. होडीचं बूड कशाला तरी लागलं, नाक फिरलं, आणि सगळी होडी आडवी होऊन, अजिबात घाई न करता, पाहुणी सोफ्यावर टेकावी तशी खडकावर जाऊन टेकली. पाणी तिला धरून ठेवण्याइतकं होतं, सोडवण्याइतकं नव्हतं. एल्वूडने वल्हं रेटलं. मग अंग पुढे-मागे झोकलं. मग दोन्ही केलं.

"आलो का?" लोविनाबाईंनी विचारलं.

"हो, मॉम."

"ही मी?"

एल्वूडने घसा खाकरला. "हो, मॉम."

बाईंनी खडकाकडे नीट पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"बगळा कुठाय?"

मागून स्टशची राफ्ट आली, काठाला लागली, आणि स्टश खाली उतरून आरामात एका लाकडावर बसला.

"मदत कर की," एल्वूड ओरडला.

"करतो. जरा जेवण जिरू दे."

वळणावर नेहमीप्रमाणे बघ्यांच्या खुर्च्या होत्याच. एल्वूड झर्बी अडकलाय ही बातमी पुलावर, पुलावरून हॉटेलात, हॉटेलातून गावभर पोचायला पाणी उतरण्याइतकाही वेळ लागला नाही. ज्यांची ज्यांची नावं नदीत होती ती सगळी माणसं आली. पास्टर हेफनर प्रवचनाचा कोट घालूनच आले.

आर्लीनने आईला हात देऊन खडकावर चढवलं, आणि स्टशला बोलावते म्हणून गुडघाभर पाण्यातून काठावर गेली. गेली ती तिकडेच बसली. खडकावर जावई आणि सासू उरले. खाली नदी बघता बघता ओसरत होती.

"बस," लोविनाबाई म्हणाल्या. "उगाच डॉप्लिकसारखा धडपडू नकोस." वेंधळ्या माणसाला त्यांच्या जुन्या जर्मन बोलीत असं म्हणतात, आणि एल्वूडने तो शब्द त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला होता.

तो बसला.

"आता खरं सांग. माझं नाव का दिलंस?"

चारी बाजूंना पाणी, सासूला सोडून पळायची सोय नाही, आणि समोर सगळं गाव. एल्वूडने खरं सांगून टाकलं. दारात कशा उभ्या असायच्या ते सांगितलं. डावीकडून सटकायला बघितलं की कसं व्हायचं तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. एल्वूडला वाटलं रडतात, म्हणून तो घाबरून बघायला वाकला. त्या हसत होत्या.

"हार्वीने ट्रॅक्टरला त्याच्या आईचं नाव दिलं," त्या म्हणाल्या. हार्वी म्हणजे त्यांचा नवरा. "मी म्हटलं, माझं नाव कशाला तरी दे की. त्याने एका गायीला दिलं. ती आटली तशी विकून टाकली. इतकी वर्षं झाली, माझ्या नावाचं या जगात काही नव्हतं."

"मग रागावला नाहीत तुम्ही?"

"रागावलेय. खडकासाठी नाही. तू देखणा म्हणालास त्यासाठी. शेवाळ म्हणे, बगळा म्हणे. हार्वी गेल्यावर गोठाभर गायी मी एकटीने सांभाळल्या, दोन वेळा पुराच्या पाण्यातून बाहेर काढल्या, आणि तू मला शेवाळाने कटवतोस? हे बघ, हा केवढा आहे ते. सगळी नदी अंगावर घेऊन बसलाय." त्यांनी खडकावर तळहात थापटला, गाईच्या पाठीवर थापटावा तसा. "बेताचा म्हणे."

"चुकलो, मॉम," तो म्हणाला. आणि त्याला वाटलं त्यापेक्षा ते म्हणायला सोपं गेलं.

"चुकलासच."

काठावरून स्टशने तोंडाभोवती हात धरले. "एल्वूड, जो अडकेल त्याचं नाव. आता काय करायचं रे?"

"याला नाव आहे आधीच," एल्वूड ओरडला.

लोक हुर्यो करायला लागले. पास्टरांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. लोविनाबाईंनी हात वर केला तशी शांतता झाली. त्यांनी खडकाच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. पाणी उतरल्यामुळे तिथे एका छोट्या गोल दगडाचं गुळगुळीत टक्कल उघडं पडलं होतं. एरवी तो कुणालाच दिसत नाही.

"तो बघा," बाई म्हणाल्या. "माझ्या आडोशाला बसलाय. सगळं पाणी मी खाते आणि हा आरामात. तो एल्वूड."

त्या दिवसाचा आरडाओरडा धरणापर्यंत गेला असं म्हणतात. एल्वूडही शेवटी हसला. आधी ओठांच्या एका बाजूने, मग सगळाच.

बाईंना चौघांनी घडीच्या खुर्चीत बसवून काठावर आणलं. स्टश, पास्टर, आणि दोघं फिलाडेल्फियाचे अनोळखी होडीवाले. त्या खुर्चीत सरळ बसल्या होत्या, कोटाचं बटण लावलेलं, रुमालाची गाठ जागच्या जागी, नवरी डोलीतून उतरावी तशा उतरल्या. अनोळखी लोकांपैकी एकाने नाव विचारलं. "लोविना," त्या म्हणाल्या, आणि मागे बोट दाखवलं. "ती." होडी मात्र एल्वूडला एकट्याला धोंड्यांवरून ओढत न्यावी लागली. आत रिकामी टोपली होती आणि कुणाचाही हात रिकामा नव्हता. सगळ्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या.

बुधवारी दुकानात क्लेटन मॉयर आला. धरणाचे दरवाजे उचलणं आणि टाकणं हे त्याचं काम. एल्वूडने चादर बांधली, कात्री घेतली.

"सासूबाई मजेत का?" क्लेटनने विचारलं. "हौशी बाई हं. तीनदा फोन आला त्यांचा. दरवाजे कधी टाकतोस, मग पाणी वाळूच्या काठापाशी कधी उतरतं, शेवटच्या वळणापाशी कधी. मी म्हटलं, आजी, तुम्ही जेवण करून निघालात तर अडकाल बरं. तर म्हणाल्या, किती वेळ जेवलं तर?"

कात्री थांबली.

"काय झालं?" क्लेटनने मान वळवली.

"मान हलवू नकोस," एल्वूड म्हणाला.

क्लेटनचे केस त्या दिवशी जरा वेगळे कापले गेले. दुकान लवकर बंद करून एल्वूड घरी आला. आर्लीन स्वयंपाकघरात कोबी चिरत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"काय ते?"

"जेवणाचं. प्रार्थनेचं. सुरीचं."

आर्लीनने कोबी चिरणं थांबवलं नाही. "मी जेवल्यावर दुसऱ्यांदा कॉफी घेतलेली तू कधी पाहिलीस?"

"आणि स्टश?"

"स्टशला फक्त खायला सांगितलं होतं. बाकीचं त्याला सांगितलं असतं तर तो तुझ्याकडे बघून हसला असता."

एल्वूड खुर्चीत बसला. मग गाडीची किल्ली घेऊन तसाच सासूबाईंकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते तिसऱ्या कुणाला माहीत नाही. पण त्या हिवाळ्यात, नदीवर बर्फाचा पापुद्रा असताना, दर रविवारी दुपारी फेन्स्टरमाखरांच्या स्वयंपाकघरात लोविनाबाई स्टुलावर बसून वल्हं मारायला शिकत होत्या. मधे गाठोड्यासारखं बसणं आपल्याला पटलं नाही, असं त्यांनी जावयाला बजावलं होतं. त्यांनी टेबलाच्या पायाचा रंग उडवला, एक बशी फोडली, आणि मनगट कसं वळवायचं यावरून एल्वूडशी इतक्या कडाडून भांडल्या की आर्लीनला बाहेर जाऊन पोर्चमध्ये उभं राहावं लागलं.

एप्रिलमध्ये पहिलं पाणी सुटलं. आर्लीन स्टशच्या राफ्टमध्ये बसली, पाय पसरून, डोळे मिटून. तिने नंतर सांगितलं की लग्नानंतर नदीवर तिला पहिल्यांदाच पाखरांचा आवाज ऐकू आला. अल्युमिनियमच्या होडीत पुढच्या जागेवर लोविनाबाई होत्या, नारिंगी कोटात, वल्हं आडवं धरून.

पाणी भरभरून आलं होतं. पहिलं वळण दिसायला लागलं तसा एल्वूड मागून म्हणाला, "मॉम, उजवीकडे का डावीकडे?"

"थांब," लोविनाबाई म्हणाल्या. "अजून माझं ठरायचंय."